जस्तरावांनी बायकोला दिलेला मुलामा

सदर इसम पुरुष, सेवानिवृत्त, उंची बेताची, बांधा मजबूत, डोक्यावरचे केस तुरळक, मते दाट. ओळखीची खूण : उजव्या मनगटावर वितळलेले जस्त उडून पडलेला जुना चट्टा, जो न विचारता दाखवला जातो. पूर्वीचा व्यवसाय : लोखंडाला जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागाचे प्रमुख. सध्याचा व्यवसाय : सल्ला. वैवाहिक स्थिती : बायको आहे. वर्तणूक : चांगली. हेतू : फारच चांगला. पुढचे सगळे या शेवटच्या बाबीमुळे घडले.

इमारतीतले लोक त्यांना जस्तराव म्हणत. तोंडावर नव्हे, पण जस्तरावांना ते ठाऊक होते आणि ती पदवी आहे असा त्यांचा समज होता. समज करून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्यांचे कारखान्यातले काम आधी नीट समजून घ्यायला हवे. खांब, जाळ्या, जिन्याचे कठडे असा लोखंडी माल आम्लात धुतात आणि मग वितळलेल्या जस्ताच्या भल्या मोठ्या हौदात बुडवतात. बाहेर आला की चंदेरी दिसतो आणि पुढे कैक वर्षे गंजत नाही. जस्तराव निळा खडू घेऊन त्या मालाभोवती फिरत. कुठे मुलामा धरलेला नसला, काळे उघडे लोखंड दिसले, की तिथे खडूने गोल काढत आणि म्हणत, "परत बुडवा." मुलामा का धरला नाही, आम्ल कमी पडले की लोखंडच वेगळ्या जातीचे होते, याची चौकशी दुसरा विभाग करी. उभ्या नोकरीत जस्तरावांनी हा एकच आदेश दिला, आणि माल परत बुडाला की बहुतेक वेळा साहेब खूश होत. अशा माणसाला निरोप देताना कारखान्याने त्याच्याकडून खडू काढून घ्यायला हवा होता. त्यांनी भिंतीवरचे घड्याळ दिले.

त्यांची बायको मोटार शिकवणाऱ्या एका शाळेत गाडी चालवायला शिकवत असे. सगळे तिला बाई म्हणत. शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाकी सगळी गाडी शिकणाऱ्याची, तेवढा ब्रेक बाईंचा. त्या कधी ओरडत नसत. शिकणाऱ्याचा श्वास अडकला की पुढे काय होणार हे त्यांच्या पायाला आधी कळे आणि डोक्याला मागाहून. परिसरातली टपाल कचेरी, दवाखाना आणि शाळा यांतली निम्मी माणसे बाईंच्या पायाच्या भरवशावर गाडी शिकलेली होती. घरात बाईंचे फारसे कोणी ऐकत नसे. गाडीत मात्र दाराचा नट ढिला झाला तरी शाळेचा मालक त्यांना विचारी. ती जागा त्यांना फार प्रिय होती. त्या तसे बोलून दाखवत नसत, पण सुट्टीच्या दिवशी त्यांची चिडचिड होई.

एकदा बंद काचांच्या गाडीत एक शिकाऊ विद्यार्थी आठवडाभर खोकत राहिला. त्याला परवाना मिळाला, बाईंना न्यूमोनिया. त्यांना नळीने प्राणवायू द्यावा लागला. जस्तराव दवाखान्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. ते मनापासून घाबरले होते. त्याबद्दल त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. बायको समोर पांढऱ्या चादरीत पडलेली आणि खडूने गोल काढावा असे कुठे काही दिसत नाही, हा प्रसंग त्यांच्यावर प्रथमच आला होता.

समोरच्या टेबलावर आरोग्यविषयक मासिकाचा एक जुना अंक होता आणि त्यात जस्तावर लेख होता. छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी तिथे आपले कोण आणि परके कोण हे शिकून बाहेर पडतात. त्या ग्रंथीचा रस जस्त असेल तरच काम करतो. जस्त कमी पडले की या पेशी घटतात, सुस्तावतात आणि माणसाला वारंवार आजार होतात, असे त्यात लिहिले होते. हे सगळे खरे होते. खोट्याचा निदान संशय तरी येतो. पूर्ण नासाडी करायला खरीच गोष्ट लागते.

लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात जस्ताच्या अतिरेकाचे दुष्परिणाम दिले होते. जस्तरावांनी तोही वाचला. पण कारखान्याच्या भिंतीवर 'शिरस्त्राण घातल्याशिवाय आत येऊ नये' असे लिहिलेले असे आणि त्याखालून सगळे बोडक्याने ये-जा करत. छापील मजकुरात शेवटी अशी काही तरी सूचना असतेच, ती पाहुण्यांसाठी असते, हे ते अनुभवाने शिकले होते.

बाई घरी आल्या त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर गोळ्यांची डबी होती.

"हे काय आणि?" बाईंनी विचारले.

"जस्त. अगं, पांढरी पेशी म्हणजे शेवटी काय? उघडं लोखंड. येईल तो जंतू गंज चढवतो. मुलामा बसला की बसा म्हणावं बाहेर कुरतडत."

"डबीवर लिहिलंय, दिवसातून एक. तुम्ही दोन का ठेवल्यात?"

"ते लिहिणाऱ्यानं सर्वसाधारण बाईसाठी लिहिलंय. तू सर्वसाधारण आहेस का?"

लग्नानंतर नवऱ्याने उच्चारलेला हा बहुधा पहिलाच कौतुकाचा शब्द. बाईंनी दुसरी गोळीही घेतली.

बाईंची धाकटी बहीण ब्यूटी पार्लर चालवत असे. दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांना हरतऱ्हेचे लेप लावून तिचा एकूणच लेपांवरचा विश्वास उडालेला होता. आल्या आल्या तिने डबी उचलून पाहिली.

"भावोजी, ताईला काय उघड्यावर रोवायचंय का? विजेचा खांब आहे का ती?"

"तू हस. पेशी हसत नसतात."

"माझ्या हसतायत की. पोट धरून."

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अंगात जस्तच नसेल तर पेशी लढणार कशानं?"

"आड भरायचा असतो, भावोजी. त्यात माणूस ढकलायचा नसतो."

यावर जस्तरावांनी, अर्धवट शहाण्या माणसांशी आपण वाद घालत नाही, असे जाहीर केले. हे वाक्य त्यांच्याबद्दलही म्हणता येईल, हे तिथे फक्त मेहुणीच्या लक्षात आले आणि ती मोठ्या मनाने गप्प बसली.

त्या वर्षी बाईंना सर्दी झाली नाही. श्रेय जस्तरावांनी घेतले. तळमजल्यावरच्या शिंप्यालाही सर्दी झाली नाही, पण तो काहीच घेत नसल्यामुळे त्याचे श्रेय बेवारस राहिले. जस्तराव आता जिन्यात माणसे अडवू लागले. कोणी शिंकले की वरच्या मजल्यावरून त्यांचा दरवाजा उघडल्याचा आवाज येई आणि शिंकणारा पावले उचली.

पुढे वर्ष-दीड वर्षाने बाईंचा रंग उतरला. जिना चढताना धाप लागे, तोंड येई, बारीक ताप येऊन जाई, नखाजवळ लागले की पिकत राही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले तर लाल पेशी कमी आणि पांढऱ्या त्याहून कमी. त्यातही जंतू शिरला की सगळ्यांआधी धावतात त्या पेशींची तर वानवाच. "काही औषधं चालू आहेत का?" असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "औषध नाही हो काही. ताकदीची गोळी आहे नुसती." ताकदीची गोळी औषधात धरत नाहीत, जसा नवऱ्याचा सल्ला कोणी हवामानात धरत नाही. डॉक्टर म्हणाले, थोडे थांबून पुन्हा तपासू.

जस्तरावांना मात्र थांबण्याची गरज भासली नाही. त्यांनी अहवाल खिडकीशी धरला, पांढऱ्या पेशींचा आकडा पाहिला आणि पांढऱ्या पेशींच्या इतिहासात आजवर कोणी न केलेली चूक केली. ती करायला त्याच कारखान्यात उभे आयुष्य काढावे लागते.

"उघडी जागा," ते म्हणाले. "मुलामा धरला नाही. परत बुडवायचं."

दोनाच्या चार झाल्या, तापाच्या दिवशी सहा. आकडा आणखी खाली गेला. म्हणजे गोळ्या अजून कमी पडत होत्या.

त्याच सुमारास बाई एकदा बहिणीला म्हणाल्या, "पायात सारखे मोजे घातल्यासारखं वाटतं गं. काढायला जावं तर नसतातच."

"भावोजींना सांगितलंस?"

"नको बाई. पायाला पण काही तरी सुरू करतील."

मग ती गोष्ट घडली. बँकेतला एक मध्यमवयीन कारकून गाडी शिकत होता. वळणावर त्याचा श्वास अडकला, बाईंना ते नेहमीप्रमाणे कळले, त्यांनी नेहमीप्रमाणे पाय दाबला. गाडी थांबली नाही. पाय ब्रेकच्या शेजारी, रबरी पायपुसण्यावर होता आणि बाई ते पायपुसणे सगळ्या ताकदीनिशी दाबत होत्या. गाडी कचऱ्याच्या पेटीवर आदळून थांबली. लागले कोणालाच नाही. कारकून घाबरून माफी मागत राहिला, कारण चूक बाईंची असेल हे त्याच्या डोक्यातच येईना. बाईंनी मात्र वाकून खाली पाहिले, आणि मग बराच वेळ मान वर केली नाही.

मोटार-शाळेचा मालक भला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, मोठ्या डॉक्टरांनी पाय ठीक आहेत म्हटलं की दुसऱ्या दिवशी तुमची जागा तुम्हाला. तोवर मी कोणालाही तिथे बसवत नाही." आता सगळे त्या एका जागेवर येऊन ठेपले होते.

मोठ्या दवाखान्यातली रक्ताची डॉक्टर वयाने लहान होती आणि कमी बोलत असे. जस्तरावांच्या दृष्टीने हे दोन्ही दोष होते. सोबत मेहुणीही आली होती. डॉक्टरने अहवाल पाहिले, बाईंना डोळे मिटून उभे राहायला सांगितले आणि त्या कलंडताच दंडाला धरले. पुन्हा रक्त काढायचे ठरले. रक्ताचा कर्करोग तर नाही ना, या शंकेने हाडातली मज्जा तपासण्याचीही भाषा निघाली. बाईंचा चेहरा पांढरा पडला. जस्तरावांचाही पडला, पण अशा वेळी माणुसकी दाखवावी म्हणून त्यांनी पिशवीतून नवी कोरी डबी काढून डॉक्टरच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुमच्यासाठी. दिवसभर आजारी माणसांत बसता. जस्त आहे. आमच्याकडे नियमानं असतं."

डॉक्टरने डबी फिरवून वाचली. "काकू, तुम्ही घेता हे?"

"हो."

"किती?"

बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. "दिवसाला चार," जस्तराव अभिमानाने म्हणाले. "ताप असला तर सहा."

"कधीपासून?"

"न्यूमोनिया झाला तेव्हापासून. एक दिवस खाडा नाही, डॉक्टर!"

"खाडा नाही," डॉक्टर म्हणाली, आणि पहिल्यांदाच पेन खाली ठेवले. "काका, अंगातलं तांबं संपवलंत तुम्ही यांच्या."

"तांबं? तांब्याला मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"लावायला लागत नाही. आतड्याच्या पेशींत एक प्रथिन असतं. जस्त फार यायला लागलं की ते वाढतं, जास्तीचं धरून ठेवायला. पण त्याची पकड तांब्यावर अधिक घट्ट. मग जेवणातून आलेलं तांबं ते अडवून ठेवतं. त्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात आणि तांबं त्यांच्याबरोबर बाहेर. रक्तात पोचतच नाही. आणि तांब्याशिवाय मज्जेत ना लाल पेशी नीट तयार होत, ना पांढऱ्या."

"पण मुलामा..."

"मुलामा बसत नाही हो. पेशी म्हणजे कठडा नाही. जस्त पेशीच्या आत जातं, आतल्या आत निरोप पोचवायला. चिमटीभर लागतं. जास्त झालं तर त्याच पेशी मंदावतात. ताप आला ना, की शरीर स्वतः रक्तातलं जस्त उचलून यकृतात लपवतं, जंतूंना मिळू नये म्हणून. आणि तुम्ही त्याच दिवशी सहा देत होतात."

 मग डॉक्टरने विचारायचे म्हणून विचारले, "तुम्हीही घेत असाल ना? तुमचंही रक्त बघू."

जस्तरावांनी मनगटावरचा चट्टा चोळला. "मी नाही घेत. मला मळमळतं त्यानं. आणि मी जन्मभर जस्ताच्या वाफेत उभा होतो, माझा कोटा भरलेला आहे."

"वा, भावोजी," मेहुणी म्हणाली. "ताईला तळाशी पाठवलीत आणि तुम्ही काठावर!"

"मी चांगल्यासाठीच..."

"चांगल्यासाठीच ना! वाईटासाठी केलं असतंत तर एखादा दिवस तरी विसरला असतात."

 बाईंनी डॉक्टरला एकच विचारले. "ब्रेक कळेल का मला परत?"

"रक्त भरून येईल, लवकर येईल. पायांचं आत्ताच सांगत नाही. तांबं मज्जारज्जूलाही लागतं, आणि मज्जातंतू फार हट्टी असतात."

"माझं लग्न झालंय, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "हट्टाची सवय आहे."

रक्तात तांबे जवळजवळ नव्हतेच, हे दोन दिवसांत नक्की झाले. मज्जा तपासायची वेळ आली नाही. जस्त बंद झाले, तांबे सुरू झाले, आणि महिना-दीड महिन्यात पांढऱ्या पेशी अशा वर आल्या की जणू मधे काही झालेच नव्हते. तोंड येणे थांबले, धाप थांबली.

जस्तराव आठवडाभर गप्प होते. इमारतीच्या इतिहासात या आठवड्याची नोंद व्हायला हवी होती. नंतर एका सकाळी ते चहाच्या वेळी म्हणाले, "मी काय म्हणतो, लवकर भरून यायचं तर तांब्याच्या दोन..."

बाईंनी तांब्याच्या गोळ्यांची डबी उचलून पर्समध्ये टाकली, पर्स खांद्याला अडकवली आणि चहा पिताना, भांडी विसळताना, दार उघडताना ती खांद्यावरून उतरवली नाही. तोंडाने एवढेच म्हणाल्या, "आता मला बुडवायचं नाही."

घरात बाजारपेठ बंद झाल्यामुळे जस्तराव जिन्यात परतले. आता ते 'जस्ताचे धोके' या विषयावर बोलत. तोच लेख, फक्त शेवटचा परिच्छेद. "लोक वाचत नाहीत हो शेवटपर्यंत!" असे ते शिंप्याला कळवळून सांगत. शिंपी हो म्हणे, कारण त्याच्या दोन्ही ओठांत टाचण्या असत.

पाय मात्र तिथेच राहिले. मोजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उतरले, पण घोट्याखालून काही निघेनात. डॉक्टर म्हणाली, वाढणार नाही हे नक्की. कमी किती होईल ते पायच ठरवतील. शेवटी बाईंनीच मालकाला फोन करून चाचणी मागितली.

शाळेमागच्या मोकळ्या मैदानात मालक स्वतः चालकाच्या जागी बसला, बाई त्यांच्या. ठरले असे, की तो मधेच श्वास रोखणार आणि बाई थांबवणार. पहिल्यांदा गाडी थांबली. दुसऱ्यांदाही थांबली. मालक खूश झाला. "बघा! मी म्हणालो नव्हतो? उद्यापासून या."

बाईंनी मान हलवली. "तुम्ही समोर बघत होतात. मी दोन्ही वेळा खाली बघितलं."

"त्यानं काय होतंय? थांबली ना गाडी!"

"पोरांना मी पहिल्या दिवशी काय सांगते? खाली बघायचं नाही. खाली बघितलं त्या वेळात समोर माणूस आलेला असतो." त्यांनी पट्टा सोडला, दार उघडले आणि जिन्याचा कठडा धरावा तसे गाडीचे दार धरून उतरल्या. त्यांच्या जागी आता कारकुनाच्या वयाचा एक शिक्षक बसतो. तो ओरडतो. बाई त्याच शाळेच्या खोलीत फळ्यासमोर खुर्चीवर बसून रस्त्यावरच्या खुणा शिकवतात. मालकाने जागा त्यांच्यासाठी बरेच दिवस रिकामी ठेवली होती. ती भरा, असेही त्याला बाईंनीच सांगितले.

इमारतीच्या रहिवासी मंडळाची वार्षिक सभा यंदा वेळेवर झाली. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी, वाहने लावण्याची जागा आणि सत्कार असे तीन विषय होते. पहिले दोन पुढे ढकलले. तिसऱ्यात मानपत्र वाचण्यात आले : 'सदर गृहस्थांनी स्वानुभवाच्या आधारे रोगप्रतिकारशक्ती व धातूंचा समतोल या विषयी रहिवाशांमध्ये केलेली जागृती, तसेच कुटुंबाच्या आरोग्याची अखंड वाहिलेली काळजी ही सर्वांस अनुकरणीय असून, मंडळ त्यांचे अभिनंदन करीत आहे.' 'स्वानुभवाच्या' या शब्दाशी मेहुणीला जोरात खोकला आला. टाळ्या झाल्या. मानपत्र चौकटीत घालून दिवाणखान्यात लावले आहे.

डोळे मिटले की बाई अजून पडतात. तोंडाला साबण लावताना त्या एका हाताने भिंत धरतात.